आधी पाणी, मग वेळापत्रक, रंग सगळ्यात शेवटी

गावातली जुनी सरकारी इमारत मोकळी पडली की दोन प्रकारची माणसं जागी होतात. एकांना तिथे संग्रहालय हवं असतं, दुसऱ्यांना पार्किंग. दोघांनाही चहा पाजा आणि वाटेला लावा. संग्रहालयाला पगारी माणसं लागतात, ती पहिल्या दोन वर्षांत पांगतात आणि दाराला पुन्हा कुलूप लागतं. पार्किंगवाल्यांना तर इमारतच नको असते. जुन्या इमारतीला जगवतो तो रोजचा वापर. सकाळी कोणीतरी दार उघडलं पाहिजे, झाडू मारला पाहिजे, आणि छत गळायला लागलं तर त्याच दिवशी कोणाच्या तरी डोक्यावर थेंब पडला पाहिजे.

मी जुन्या नाशकातली. नोकरी सरकारी बांधकाम खात्यात अभियंता म्हणून झाली, त्यामुळे इमारती पडताना आणि पाडल्या जाताना पुष्कळ पाहिल्या. निवृत्तीनंतर गल्लीतल्या सात-आठ जणांना घेऊन मेनरोडमागच्या एका जुन्या पालिका दवाखान्याच्या मागे लागले. काळ्या दगडाचं जोतं आणि भिंती, पुढे लाकडी खांबांची ओसरी, वर कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेली माडी, त्यावर मंगलोरी कौलं. दवाखाना नव्या जागी गेल्यावर आत मोडक्या खाटा, कालबाह्य रजिस्टरं आणि कबुतरं राहत होती. आता तिथे सकाळी सातपासून माणसं असतात. हे कसं करायचं असं इतर गल्ल्यांतून, सिन्नर-येवल्याहूनही विचारायला लोक येतात. त्यांना तोंडी सांगते ते इथे लिहिते.

कागद काढा, पण पेशवाई काढू नका

पहिली फेरी नगर भूमापन कार्यालयात. तिथून मालमत्ता पत्रक काढायचं, सगळे त्याला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. नाशिकची नगरपालिका १८६४ची आणि महानगरपालिका १९८२ची. त्यामुळे जुन्या मिळकतींच्या कागदांवर कधी नगरपालिका, कधी एखादा दाता, कधी सरकारचंच दुसरं खातं अशी नावं निघतात. मालक कोण हे पक्कं झाल्याशिवाय कोणालाही अर्ज देऊ नका. चुकीच्या खात्याकडे गेलेला अर्ज परत येत नाही, तो तिथेच म्हातारा होतो.

दुसरा प्रश्न असा की इमारत संरक्षित आहे का. केंद्राच्या यादीत असेल, आपल्याकडे पांडवलेणी आहेत तशी, तर प्राचीन स्मारकांचा १९५८चा कायदा लागतो. २०१०च्या दुरुस्तीनंतर तर अशा स्मारकाभोवती १०० मीटरांत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय नाही. राज्याच्या यादीत असेल तर १९६०चा राज्याचा कायदा आणि राज्य पुरातत्त्व विभाग. सराफ बाजारातला सरकारवाडा या प्रकारचा. त्या वाड्यात एके काळी सार्वजनिक वाचनालय होतं, पोलीस ठाणंही होतं, म्हणजे आपण जे करू म्हणतोय ते नाशकाला नवीन नाही. पण आज तिथे पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय खिळाही ठोकता येणार नाही. राज्याची स्मारकं संगोपनासाठी घेण्याची ‘महाराष्ट्र वैभव’ ही योजना आहे, तिची वाट वेगळी आहे आणि ती मोठ्या संस्थांना परवडते. आमचा दवाखाना यातल्या कुठल्याच यादीत नव्हता, नुसता जुना होता. तुमचीही बहुधा तशीच असेल. अशा वेळी शहर विकास नियमावलीतली वारसा यादी तेवढी तपासून घ्या.

वय किती, हा प्रश्न लोक फार विचारतात. नाशकात कोणतीही दगडी भिंत दोन तोंडांतून गेली की पेशवेकालीन होते. इमारतीलाच विचारा. कौल उलटं करून बघा, कारखान्याचा शिक्का असतो. मंगलोरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, म्हणजे मूळ छप्पर मंगलोरी असेल तर पेशवाई विसरा. लोखंडी तुळई असेल तर तिच्या बाजूवर विलायती कंपनीचं नाव उठवलेलं सापडतं. आमच्या मागच्या खोलीत डॉर्मन लाँगचं निघालं, ती कंपनी १८७५ची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड नाशिकचा आहे, १८८३चा. त्यात शहराचं गल्लीगणिक वर्णन आहे, एक दुपार वाचनालयात बसून चाळण्यासारखं. एवढ्यावरून पंधरा-वीस वर्षांच्या आत अंदाज येतो. त्याहून नेमकं सांगायची गरज फक्त भाषण करणाऱ्याला असते.

करारात काय हवं

जागा मालकीने मागू नका, मिळणारही नाही. वापराचा करार मागा. महापालिकेची मिळकत असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ बघा. आयुक्तांच्या अखत्यारीत एका वेळी बारा महिन्यांपर्यंत देता येतं, त्यापुढे वरची मंजुरी लागते. आधी बारा महिन्यांचंच घ्या. लांब मुदतीसाठी हटून बसलेले लोक मी पाहिलेत, तोवर छप्पर बसतं.

करार करायला नोंदणीकृत संस्था हवी. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी होते. गल्लीत एखादं जुनं, हिशोब पूर्ण असलेलं मंडळ असेल तर त्याचंच छत्र घ्या. नव्या संस्थेत पहिलं वर्ष अध्यक्ष कोण यातच जातं.

करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट शब्दांत यायला हव्यात: मोठी दुरुस्ती कोणाची आणि छोटी कोणाची, आणि छोटी म्हणजे किती रुपयांपर्यंत. वीजबिल कोणाच्या नावे. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची मुभा आहे का. आणि निवडणूक, पूर, सिंहस्थ अशा वेळी प्रशासनाला जागा लागली तर किती दिवस आधी सांगणार आणि कुठल्या खोल्या देणार. हे शेवटचं नाशिककरांनी विसरू नये. २०१५च्या सिंहस्थात गावातली प्रत्येक मोकळी खोली कोणा ना कोणाच्या कामाला लागली होती आणि २०२७लाही लागेल. बंदोबस्ताच्या माणसांना झोपायला जागा द्यायला आमची ना नाही, उलट आनंदच आहे. पण माडीवर चाळीस जण झोपणार नाहीत, हे कागदावर असलेलं बरं. का ते पुढे येतंच.

एक पावसाळा बघा

आता माझ्या खात्याचा विषय. इथे मी घाई करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

ताबा मिळाला की लोकांचे हात रंगाच्या ब्रशकडे जातात. त्याऐवजी एक वही घ्या आणि एक पावसाळा इमारतीत जाऊन बसा. कोणत्या भिंतीला ओल कुठून येते, पाऊस थांबल्यावर किती तासांनी येते, वरून उतरते की खालून चढते, हे लिहा. वरून उतरणारी ओल म्हणजे फुटकं कौल, तुंबलेली पन्हळ किंवा वळचणीपाशी कुजलेली रीप. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आणि सगळ्यात जास्त इमारती याच्याच अभावी मेल्यात. खालून चढणारी ओल निराळी. तिचं कारण जुन्या नाशकात बहुतेक ठिकाणी एकच असतं: रस्ता. दरवेळी जुन्या थरावर नवा थर, त्यामुळे रस्ता वर आला आणि पाच पायऱ्यांचं जोतं तीन पायऱ्यांचं झालं. गटाराचं पाणी जोत्याच्या दगडांमागे मुरतं. भिंतीच्या कडेने फूटभर रुंदीची चर खणून, खडी भरून, उतार बाहेर काढा. आमच्या भिंतींवर कमरेपर्यंत चढलेला लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा क्षार, नुसत्या या चरीनंतर पुढच्या वर्षी गुडघ्यावर आला.

भेगा दिसल्या की घाबरू नका आणि बुजवूही नका. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. भेग चालती असेल तर काच तडकते. काच पावसाळाभर शाबूत राहिली तर ती भेग म्हातारी आहे, तिला राहू द्या. तडकली तर लगेच संरचना अभियंत्याला बोलवा. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे करावीच लागते. तेव्हा हा खर्च टाळता येणारा नाही, लवकर करा.

भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटायचा मोह आवरा. मूळ ओढलं की सोबत दगड येतो. बुंधा कापा, मुळाला औषध घाला, वाळू द्या, मग सांधा मोकळा करून बाहेर काढा. शेजारच्या आजी पिंपळ तोडायला नको म्हणतील. आमच्या म्हणाल्या. रोप कुंडीत लावून त्यांच्याच दारात ठेवलं.

सिमेंटला दारातच थांबवा

आपल्याकडचा काळा दगड स्वतः पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. भिंतीतली ओल बाहेर पडते ती सांध्यांतून, चुन्याच्या दरजांतून. त्या दरजा सिमेंटने भरल्या की ओलीला वाट उरत नाही, ती आत फिरते, दगडामागचा भराव भुसभुशीत करते आणि सिमेंट जिथे संपतं तिथे लोणा घेऊन फुटते. ठेकेदार तुम्हाला सांगेल, ‘ताई, चुना आता कोण वापरतं, सिमेंटने शंभर वर्षं बघायला नको.’ शंभर वर्षं बघायला नको हे खरंच आहे, पंधरा वर्षांत भिंत फुगते.

चुन्याचं काम अवघड नाही, सावकाश आहे. कळीचा चुना पाण्यात विझवायचा आणि हौदात मुरू द्यायचा. महिनाभर मुरला तर चांगला, जास्त मुरला तर आणखी चांगला. एक भाग चुन्याला साधारण तीन भाग वाळू आणि सुरखी मिळून. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, कच्च्या विटेची चालत नाही. हिरडा आणि गूळ पाण्यात भिजवून ते पाणी मळताना घालायची जुनी पद्धत आहे, काही गवंडी बेलफळाचा गरही घालतात. पूर्वी बैलाच्या घाणीत मळत, आता मिक्सरची चक्की चालते. विझवताना चुना उकळतो, डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. मुलांना त्या दिवशी जवळ फिरकू देऊ नका.

चुना हवेतला वायू घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात वाहून जातो, वैशाखात वाळून तडकतो. दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारायचं.

जुनं सिमेंट काढताना ग्राइंडर किंवा ब्रेकर लावू देऊ नका. छिन्नी आणि हातोडी. गवंडी कुरकुरेल, मजुरी जास्त मागेल, द्या. आम्हाला जो म्हातारा गवंडी मिळाला तो मंदिरांच्या कामावरचा होता. त्याच्यासोबत दोन तरुण पोरं लावली, अट अशी की पुढचं काम त्यांनी एकट्याने करायचं. गोदाघाटावरच्या देवळांची कामं निघतात तेव्हा अशी माणसं गावात असतात, तेव्हाच त्यांची ओळख करून ठेवा.

फरशीबद्दल एकच सांगते. शहाबादी आहे ना, मग तीच ठेवा. तिच्यावर चकचकीत टाइल्स बसवल्या की जमिनीतली ओल भिंतीत चढते, आणि वर म्हातारी माणसं घसरून पडतात.

माडी किती जणांची

लाकडाला आधी हातोडीने ठोका, मग स्क्रूड्रायव्हर टोचा. खणखणीत वाजलं आणि टोक घुसलं नाही तर सागवान ठीक आहे. पोकळ वाजलं तर वाळवी. तुळईचा मधला भाग बघून लोक खूश होतात, पण तुळई कुजते ती भिंतीत रोवलेल्या टोकाशी, जिथे ओल आणि अंधार दोन्ही असतात. तिथलं दोन विटांचं बांधकाम उकरून बघा. टोक गेलं असेल तर टेकू देऊन तेवढाच तुकडा नवा जोडता येतो, अख्खी तुळई बदलायची गरज नसते.

आता आकड्याची गोष्ट. राहत्या घराच्या खोलीसाठी मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. लोक जमतात अशा, खुर्च्या पक्क्या नसलेल्या सभागृहासाठी ५०० किलो. म्हणजे जी माडी औषधाच्या कपाटांसाठी आणि दोन परिचारिकांसाठी बांधली होती, तिच्यावर टाळ-मृदंगासह पन्नास जणी उभ्या राहून हरिपाठ म्हणू लागल्या तर कडीपाटाला ते माहीत नसतं. आम्ही माडी फक्त अभ्यासिका केली. टेबलं भिंतीकडेने, पुस्तकांची कपाटं तुळईच्या टोकांवर, मधल्या खणात काहीच नाही. एका वेळी किती जण हे अभियंत्याने लिहून दिलं आणि तो आकडा जिन्याच्या पहिल्या पायरीशी लावलाय. नाच, ढोल, वाढदिवस, सगळं खाली.

खाली दगडी भिंतींत आवाज घुमतो. मोठे स्पीकर लावले की काहीच कळत नाही. एका भिंतीला जाड खादीचे पडदे, खाली सतरंज्या, आणि चार कोपऱ्यांत चार लहान स्पीकर हळू आवाजात. वसंत व्याख्यानमालेत घाटावर उघड्यावर बसून ऐकायची सवय असलेल्या गावाला आवाज वाढवा म्हणायची खोड असते. वाढवू नका. रात्री दहानंतर तसंही ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा, तो २०००चा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे.

वायरी, आग, पूर, आणि संडास

वायरिंगसाठी दगडात झिऱ्या पाडू नका, पृष्ठभागावरून नळीतून न्या आणि ती नळी दिसू द्या. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं स्विच मुख्य पेटीत हवंच, कारण ओल्या भिंती आहेत. अग्निसुरक्षेचं काम परवानाधारक एजन्सीकडून करून घ्या. व्यवस्था चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, तो कॅलेंडरवर आत्ताच लिहा. जुनी दारं आत उघडतात, गर्दी पळाली तर ती दाबली जातात. दारं काढू नका. कार्यक्रम असेल तेव्हा ती पूर्ण उघडून कडीला अडकवायची आणि तिथे एक माणूस बसवायचा.

नदीजवळची इमारत असेल तर गंगापूर धरणाचा विसर्ग हा तुमचाही विषय आहे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की घाटावरचे लोक सामान उचलतात, तुम्हीही उचला. १९६९, २००८, २०१९ यांपैकी ज्या पुराची खूण शेजाऱ्यांना आठवते ती त्यांच्याकडून भिंतीवर दाखवून घ्या. मीटर, प्लग, कपाटांचे तळ, सगळं त्याच्या हातभर वर. खालच्या मजल्यावर दोन माणसांना उचलता येणार नाही असं काही ठेवू नका.

संडास मूळ इमारतीत घुसवू नका. मागच्या अंगणात वेगळा बांधा, पाण्याचे नळ जुन्या भिंतीला शिवता कामा नयेत. आणि तो आधी बांधा. नकाशा बघायला आलेल्या प्रत्येक पुरुषाने मला सांगितलं, ‘ते पुढच्या टप्प्यात घेऊ.’ संडास नसेल तर बायका तासाभरात उठून जातात आणि पुढच्या आठवड्यात येत नाहीत, मग म्हणायचं महिलांचा प्रतिसाद नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बाराचा हवा. तीन फूट जोतं असेल तर छत्तीस फूट लांबी लागते, पुढच्या ओसरीत ती बसत नाही. आमच्याकडे बाजूच्या बोळातून वळवून घेतली, मधे एक सपाट टप्पा दिला. त्याच बोळातून आता सगळ्याच आज्या येतात.

वेळापत्रक

इमारत कोणाची होते हे दुरुस्तीने ठरत नाही, वेळापत्रकाने ठरतं. ते लिहायला पहिल्या खिळ्याआधी बसा.

आमचं असं आहे. सकाळी सात ते दहा ओसरी ज्येष्ठांची, वर्तमानपत्रं आणि चहा. दुपारी दोन ते पाच खालची खोली बायकांची: कधी भजन, कधी बचतगटाचा हिशोब, कधी नुसत्या बसतात, त्याला कारण विचारायचं नाही. संध्याकाळी पाच ते सात मुलं. सात ते नऊ खुलं, ज्याने नाव नोंदवलं त्याचं. माडीवर स्पर्धा परीक्षांची पोरं दिवसभर, रात्री दहापर्यंत.

या पोरांबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती शांत, गरजू आणि संख्येने अमर्याद असतात. अभ्यासिका उघडली की ती हळूहळू जिन्यावर, मग ओसरीत, मग बायकांच्या खोलीच्या कोपऱ्यात उतरतात, आणि त्यांच्या परीक्षेपुढे बाकीच्यांना आपलं भजन क्षुल्लक वाटू लागतं. तसं वाटू देऊ नका. माडीचा आकडा ठरलेला, खालची वेळ ठरलेली. उलट आम्ही पोरांना काम दिलं: आठवड्यातून एक तास मुलांचं गणित घ्यायचं, मग महिन्याची फी माफ. बहुतेकांनी फी माफ करून घेतली.

दुसरा धोका म्हणजे कायमचं कपाट. आधी एका गटाचं कुलूपबंद कपाट येतं, मग फलक, मग तसबीर, मग तिची पूजा, आणि वर्षभरात ती जागा त्यांची होते. आमच्याकडे नियम असा की प्रत्येक गटाला सारख्या मापाची एक पेटी, भिंतीवर कोणाचंच काही नाही. गणपतीत ओसरी मिळते, भीमजयंतीलाही मिळते, ईदच्या शिरखुर्म्यालाही. दुसऱ्या दिवशी ओसरी रिकामी.

लग्नं नकोत. लग्नाचं भाडं डोळ्यांत भरतं आणि एकदा ते यायला लागलं की दुपारच्या बायकांना ‘आजच्या दिवस ॲडजस्ट करा’ म्हणणं सुरू होतं. बारसं, डोहाळजेवण, सेवानिवृत्तीचा सत्कार, दोन तासांचे दोनशे रुपये, स्वयंपाक बाहेरून. शोकसभेला पैसे नाहीत. रामकुंडावर दहाव्याला बाहेरगावची माणसं येतात, विधी झाल्यावर त्यांना टेकायला जागा नसते, हॉटेलात बसायचं मन नसतं. त्यांच्यासाठी ओसरीचा एक भाग सकाळी राखलेला असतो. ज्येष्ठ मंडळी आपणहून चहा पुढे करतात. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण आता वेळापत्रकात लिहिलंय.

किल्ली आणि पैसा

किल्ल्या तीन. एक समोरच्या इस्त्रीवाल्या काकूंकडे, कारण त्या पहाटेपासून तिथेच असतात. एक समितीतल्या स्त्रीकडे, एक पुरुषाकडे. पदाधिकाऱ्यांकडे मुद्दाम नाही. रुसलेला अध्यक्ष किल्ली खिशात घालून गावाला गेला की इमारत पुन्हा बंद पडते, हे मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहिलंय.

पैसा तीन वाटांनी येतो. मोठ्या दुरुस्तीला आमदार किंवा नगरसेवक निधी. तो मागताना कामाचं अंदाजपत्रक चुन्याचं करून द्या, नाहीतर सरकारी दरसूचीतून सिमेंट आपोआप येतं. कंपन्यांचा सामाजिक निधी वारसा इमारतींना देता येतो, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तो विषय आहे. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांना हे सांगावं लागतं, मोठ्यांना माहीत असतं. आणि रोजचा खर्च, म्हणजे वीज, झाडू, चहा, कौलं, तो गल्लीतूनच आला पाहिजे. महिन्याचे पन्नास रुपये देणारी शंभर घरं ही एका लाख देणाऱ्यापेक्षा बरी. लाख देणारा नावाची पाटी मागतो. हिशोब दर महिन्याला ओसरीत लावायचा, हाताने लिहिलेला असला तरी चालेल.

आता रंग. बाहेरून दगडाला काहीच लावायचं नाही. आतून चुन्याची सफेदी, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. प्लास्टिक पेंट नको, त्यानेही भिंतीचा श्वास कोंडतो. सफेदी दर दोन-तीन वर्षांनी करावी लागते, ते चांगलंच आहे, त्या निमित्ताने सगळे एक रविवार झटतात.

उद्घाटन मात्र एक पावसाळा कोरडा गेल्याशिवाय करू नका. केलंच तर कोनशिला येणार, ती ग्रॅनाइटची असणार, आणि ती दर्शनी दगडात ड्रिल करून बसवायला माणूस मशीन घेऊनच येणार. त्याच्यासाठी आधीच एक लाकडी स्टँड करून ठेवा. आमचा जुन्या खिडकीच्या चौकटीतून झालाय. शिला त्यावर उभी आहे, सगळ्यांची नावं नीट वाचता येतात, आणि फरशी धुवायची असली की दोघी मिळून ती बाजूला सरकवता येते.